नाक्यावर अडकलेली कमांड

विंडोजवर युनिक्सची अवजारं वापरताना बिघाड कसा शोधायचा

रात्री साडेदहाला एक स्क्रिप्ट चालेना. रोजच्या बॅकअपची, जेमतेम चौदा ओळींची. टर्मिनल म्हणत होतं, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. म्हणजे फाइलच नाही. ‘एलएस’ मारलं तर फाइल समोर दिसतेय. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. मग वैतागलेला माणूस जे करतो ते मी केलं: सगळं उपटून काढलं आणि नव्यानं इन्स्टॉल केलं. साडेबारा वाजले. स्क्रिप्ट जागची हलली नाही.

सकाळी ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याला हे सांगितलं. त्यानं स्क्रिप्ट उघडूनही पाहिली नाही. एवढंच विचारलं, “सर, ती फाइल शेवटची कुठं सेव्ह केली होती?”

सेव्ह केली होती विंडोजमधल्या एडिटरमध्ये, चालवत होतो लिनक्समध्ये. फाइल बरोबर होती, लिनक्सही ठणठणीत होतं. पण एका मुलखातून दुसऱ्या मुलखात येताना फाइलच्या प्रत्येक ओळीला काहीतरी चिकटून आलं होतं. काय, ते तिसऱ्या नाक्यावर सांगतो.

‘नाका’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. शहरांच्या वेशीवरचे जकात नाके आता उठले, पण तिथल्या ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ठाऊक आहे: माल चांगला, गाडी चांगली, ड्रायव्हरही हुशार, तरी खोळंबा. विंडोजवर ‘ग्रेप’, ‘फाइंड’, ‘सेड’, ‘बॅश’ चालवताना येणाऱ्या अडचणींचं बहुतेक वेळा असंच असतं. अवजार मोडलेलं नसतं, वेशीवर अडकलेलं असतं. असे पाच नाके आहेत: नाव, रस्ता, ओळ, लिपी आणि ताबा. याच क्रमानं तपासत गेलात तर इन्स्टॉलेशन उपटायची वेळ सहसा येत नाही.

एक सूचना आधीच देतो. इथं कमांडचे उच्चार देवनागरीत दिलेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायच्या. मोठं अक्षर जिथं लागतं तिथं तसं सांगितलंय.

सुरुवातीआधी: आपण नेमके कुठं आहोत?

विंडोजवर युनिक्सची अवजारं तीन मुख्य वाटांनी येतात आणि तिघांचे आजार वेगळे असतात.

पहिली वाट सिगविन. 1995 मध्ये सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीत तिची सुरुवात झाली. युनिक्सच्या प्रोग्रामला लागणाऱ्या गोष्टी ती एका डीएलएल फाइलमार्फत विंडोजकडून करून घेते. दुसरी वाट गिट बॅश. गिटबरोबर ती आपोआप येते, त्यामुळे अनेकांना आपण ती कधी इन्स्टॉल केली हेही आठवत नाही. तिच्या मुळाशी एमसिस-2 आहे आणि एमसिस-2 सिगविनच्याच कुळातलं. तिसरी वाट डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या पोटातलं लिनक्स. 2016 मध्ये आलेली तिची पहिली पिढी लिनक्सच्या हाका विंडोजच्या भाषेत फिरवायची. 2020 मध्ये सर्वांना मिळालेल्या दुसऱ्या पिढीत खराखुरा लिनक्स कर्नल एका हलक्या आभासी यंत्रात चालतो.

आपण कुठं आहोत हे कळायला ‘यूनेम -ए’ टाका. उत्तराच्या सुरुवातीला सिगविनचं नाव असेल तर सिगविन, ‘मिनजीडब्ल्यू’ किंवा ‘एमसिस’ असेल तर गिट बॅशचं कूळ, आणि लिनक्स असून पुढं मायक्रोसॉफ्टचं नाव असेल तर डब्ल्यूएसएल. सी ड्राइव्हच्या पत्त्यावरूनही ओळख पटते. सिगविनमध्ये तो ‘/सिगड्राइव्ह/सी’, गिट बॅशमध्ये नुसता ‘/सी’, डब्ल्यूएसएलमध्ये ‘/एमएनटी/सी’.

आता कशालाही हात लावण्याआधी दोन गोष्टी टिपून ठेवा. एक, एररचा संदेश पूर्ण आणि जसाच्या तसा. ‘काहीतरी परमिशनचं आलं’ असं सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘कुठंतरी दुखतंय’ सांगण्यासारखं. दोन, कमांडचा निकाल-आकडा. कमांड पडल्यावर लगेच ‘इको $?’ टाका. मध्ये दुसरं काही टाकलंत तर आकडा त्याचा येईल, हव्या त्या कमांडचा नाही. 0 म्हणजे सारं ठीक. 127 म्हणजे कमांड सापडलीच नाही. 126 म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही. 128 च्या वरचा आकडा आला तर त्यातून 128 वजा करा, उरलेला तो सिग्नलचा क्रमांक. कंट्रोल-सीनं थांबवलेल्या कमांडचा आकडा 130 येतो, बळजबरीनं मारलेल्याचा 137.

पहिला नाका: नाव. हाकेला ओ कुणी दिली?

‘फाइंड’ म्हटल्यावर तुम्हाला युनिक्सचं फाइंड हवं असतं. पण विंडोजच्या सिस्टिम-32 फोल्डरमध्येही त्याच नावाचा प्रोग्राम आहे आणि तो फाइली शोधत नाही, फाइलीतला मजकूर शोधतो. ‘सॉर्ट’चंही तसंच, नाव एक आणि रीतभात निराळी. विंडोजच्या फाइंडला युनिक्सचे पर्याय दिलेत की तो ‘पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट’ म्हणून मोकळा होतो.

गिट बॅशच्या खिडकीत हा घोळ सहसा होत नाही, कारण तिथं ‘पाथ’मध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठं शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत, युनिक्सची अवजारं पुढं असतात. तीच स्क्रिप्ट काळ्या कमांड प्रॉम्प्टमधून किंवा टास्क शेड्युलरमधून चालवली की रांग बदलते. ‘माझ्या हातून चालते, रात्री आपोआप चालत नाही’ ही तक्रार इथं जन्माला येते.

पायऱ्या अशा:

1. बॅशमध्ये ‘टाइप -ए फाइंड’ टाका. त्या नावाचे सगळे दावेदार क्रमानं दिसतील. पहिला असेल त्यानं तुमच्या हाकेला ओ दिली.

2. कमांड प्रॉम्प्टमध्ये हेच काम ‘व्हेअर फाइंड’ करतं. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर’ला वेगळा अर्थ आहे, म्हणून तिथं शेवटी ‘.ईएक्सई’ लावून लिहा. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल 5.1 मध्ये ‘कर्ल’ हेही दुसऱ्याच एका कमांडचं टोपणनाव आहे. खरं कर्ल हवं असेल तर तिथंही ‘.ईएक्सई’ जोडा.

3. डब्ल्यूएसएलमध्ये असाल आणि उत्तराचा पत्ता ‘/एमएनटी/सी’नं सुरू होत असेल, तर तुम्ही लिनक्समध्ये बसून विंडोजचा प्रोग्राम चालवताय. डब्ल्यूएसएल स्वतःच्या यादीच्या शेपटाला विंडोजची यादी जोडून घेतं. लिनक्समध्ये नोड नसेल तर त्याच्याबरोबरचं ‘एनपीएम’ टाकल्यावर विंडोजचं एनपीएम धावून येतं आणि मग विचित्र चुका दिसू लागतात. लिनक्सचं नोड तिथं वेगळं इन्स्टॉल करा.

4. नवीन काही इन्स्टॉल केल्यावर कमांड सापडत नसेल तर टर्मिनल बंद करून नवं उघडा. चालू खिडकीला पाथची यादी ती उघडली तेव्हाची मिळालेली असते. बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षातही ठेवतो. प्रोग्रामची जागा बदलली असेल तर ‘हॅश -आर’ टाकून त्याला ते विसरायला लावा.

5. पाथची यादी हातानं बदलली असेल तर विरामचिन्ह तपासा. विंडोज दोन पत्त्यांमध्ये अर्धविराम घालतं, युनिक्स कोलन. एका चुकीच्या चिन्हानं दोन पत्ते जुळून एकच निरर्थक पत्ता तयार होतो.

दुसरा नाका: रस्ता. पत्ता कोणत्या भाषेत लिहिलाय?

विंडोज पत्त्यात बॅकस्लॅश वापरतं, युनिक्स साधा स्लॅश. फरक एवढ्यावर भागला असता तर बरं होतं. पण बॅशच्या लेखी बॅकस्लॅश म्हणजे ‘पुढच्या अक्षराचा खास अर्थ काढून टाक’. विंडोजचा पत्ता अवतरणाशिवाय चिकटवलात की बॅकस्लॅश गळून पडतात आणि फोल्डरांची नावं एकमेकांना जुळतात. एररच्या संदेशात तुमचा पत्ता असा चिकटलेला दिसला तर कारण शोधत बसू नका. पत्ता एकेरी अवतरणात घाला.

दोन भाषांमधला दुभाषाही हाताशी आहे. सिगविन आणि गिट बॅशमध्ये ‘सिगपाथ’, डब्ल्यूएसएलमध्ये ‘डब्ल्यूएसएलपाथ’. दोघांनाही ‘-यू’ लावलं की युनिक्सचा पत्ता मिळतो, ‘-डब्ल्यू’ लावलं की विंडोजचा.

गिट बॅश या बाबतीत जरा जास्तच सेवाभावी आहे. विंडोजच्या प्रोग्रामला दिलेला शब्द स्लॅशनं सुरू झाला की त्याला वाटतं हा पत्ताच आहे, आणि तो न विचारता त्याचं भाषांतर करतो. अडकलेला प्रोग्राम मारण्यासाठी ‘टास्ककिल’ला ‘/एफ’ दिलंत तर त्याच्यापर्यंत पोचतं ‘एफ:/’, म्हणजे एफ नावाचा ड्राइव्ह. न दिलेला ड्राइव्ह किंवा गिटच्या इन्स्टॉलेशन फोल्डरचा पत्ता एररच्या संदेशात उगवला तर हीच खूण समजा. स्लॅश दोनदा लिहा, ‘//एफ’. किंवा त्या एका कमांडपुरतं आगाऊ भाषांतर बंद करा: कमांडच्या आधी त्याच ओळीत ‘एमएसवायएस_नो_पाथकॉन्व=1’ लिहा, सगळी अक्षरं मोठी.

याच नाक्यावर तीन छोटे अडथळे आहेत. फोल्डरच्या नावात जागा असेल तर बॅश त्याचे दोन तुकडे करतो, म्हणून स्क्रिप्टमधलं प्रत्येक चल दुहेरी अवतरणात लिहा. विंडोज नेहमीच्या मांडणीत छोटी-मोठी अक्षरं एकच मानतं आणि लिनक्स वेगळी मानतं, त्यामुळे लिनक्समधून आलेल्या दोन फाइलींपैकी विंडोजवर एकच उरू शकते. आणि ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘नल’, ‘पीआरएन’ ही नावं विंडोजनं उपकरणांसाठी राखून ठेवली आहेत, शिवाय फाइलीच्या नावात कोलन चालत नाही. लिनक्सवर ‘10:30’ अशी वेळ नावात घालून साठवलेली लॉग फाइल विंडोजवर उतरत नाही, ती त्यामुळे.

तिसरा नाका: ओळ. शेवटी काय चिकटलंय?

माझी ती रात्र इथं वाया गेली होती. जुन्या टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन हालचाली लागत: छपाईचं डोकं डावीकडं परत न्यायचं आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. त्या दोन इशाऱ्यांचे क्रमांक 13 आणि 10. विंडोजनं दोन्ही ठेवले, युनिक्सनं फक्त 10 ठेवला. स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामनं चालवायची ते तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. विंडोजच्या पद्धतीनं सेव्ह केलेल्या स्क्रिप्टची ती ओळ लिनक्सनं वाचली तेव्हा ‘बॅश’च्या शेपटाला तो अदृश्य 13 चिकटलेला होता. अशा नावाचा प्रोग्राम मशीनवर कुठंच नव्हता. ‘फाइल नाही’ ही तक्रार माझ्या स्क्रिप्टबद्दल नव्हतीच, ती त्या प्रोग्रामबद्दल होती.

1. ‘फाइल’ ही कमांड स्क्रिप्टचं नाव देऊन चालवा. उत्तरात ‘सीआरएलएफ’ दिसलं तर निदान झालं.

2. डोळ्यांनी बघायचं असेल तर ‘कॅट’ला हायफन आणि मोठा ए लावा. निरोगी ओळ नुसत्या डॉलर चिन्हावर संपते. आजारी ओळीत डॉलरच्या आधी ‘^एम’ दिसतो.

3. उपाय ‘डॉसटूयुनिक्स’, मधला ‘टू’ हा आकडा 2. चित्रांसारख्या मजकूर नसलेल्या फाइली तो आपणहून सोडून देतो. पण अख्ख्या फोल्डरवर डोळे मिटून चालवू नका, कारण विंडोजच्या बॅच फाइलींना दोन्ही खुणा लागतात.

4. आजार परतू नये म्हणून प्रकल्पाच्या मुळाशी ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाची फाइल ठेवा आणि तिच्यात ‘*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ’ ही ओळ लिहा. प्रत्येकानं आपापल्या मशीनवर गिटची सेटिंग बदलायची म्हटलं तर एखादा विसरतोच. ही फाइल प्रकल्पाबरोबर फिरते, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहण्याची गरज उरत नाही.

याच आजाराचा एक छुपा प्रकार आहे. स्क्रिप्ट स्वच्छ असते, पण ती विंडोजच्या एखाद्या प्रोग्रामचं उत्तर चलात भरून घेते. उत्तराबरोबर तो 13 आत शिरतो. पडद्यावर दोन्ही बाजू हुबेहूब दिसतात आणि तुलना मात्र ‘वेगळे’ म्हणते. अशा वेळी उत्तर चलात भरण्याआधी ‘टीआर -डी’मधून गाळून घ्या आणि काय गाळायचं ते अवतरणात द्या: बॅकस्लॅश आणि आर.

चौथा नाका: लिपी. मराठी मजकुराची परीक्षा

इंग्रजी मजकुरात हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. मराठी मजकूर तो एका मिनिटात उघडा पाडतो. हा प्रयोग करून बघा: ‘प्रिंटएफ’ला ‘नमस्कार’ हा शब्द द्या आणि त्याचं उत्तर पाइपमधून ‘डब्ल्यूसी -एम’ला पाठवा.

आपण चार अक्षरं मोजू. संगणक 7 मोजतो, कारण पाय मोडण्याची खूण आणि काना तो वेगळे धरतो. याच शब्दावर ‘डब्ल्यूसी -सी’ चालवलंत तर 21 येईल. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. आता ‘-एम’लाही 21 आला, तर तुमचं टर्मिनल बाइट आणि अक्षर यांत फरक करत नाहीये. ‘लोकेल’ ही कमांड चालवा. तिथं नुसता ‘सी’ दिसत असेल तर ‘लँग’ या चलाची किंमत ‘सी.यूटीएफ-8’ करा. चलाचं नाव आणि किंमत दोन्ही मोठ्या अक्षरांत. काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मराठीच्या जागी चिन्हांची भेळ दिसत असेल तर ‘सीएचसीपी 65001’ टाकून बघा. बाइट बरोबर असूनही काना-मात्रा विस्कटलेल्या दिसत असतील तर दोष टर्मिनलच्या फॉन्टचा किंवा मांडणीचा असतो, तुमच्या डेटाचा नसतो. तीच फाइल एडिटरमध्ये उघडून खात्री करा.

आणखी दोन गोष्टी इथं अडवतात. काही एडिटर यूटीएफ-8 फाइलीच्या माथ्यावर 3 बाइटची अदृश्य खूण ठेवतात. स्क्रिप्टच्या पहिल्या दोन अक्षरांच्या जागी ती आली की लिनक्सला ही स्क्रिप्ट आहे हेच कळत नाही. सेव्ह करताना ‘बीओएम’ नसलेला पर्याय निवडा. दुसरी गोष्ट, पॉवरशेल 5.1 मध्ये ‘>’ वापरून तयार केलेली फाइल यूटीएफ-16 मध्ये असते. शब्द डोळ्यांना दिसतोय आणि ग्रेपला सापडत नाही, तेव्हा आधी हाच संशय घ्या. ‘आयकॉन्व’नं ती यूटीएफ-8 मध्ये आणा.

पाचवा नाका: ताबा. फाइल कुणी धरून ठेवलीय?

युनिक्समध्ये उघडी फाइलही पुसता येते. विंडोज सहसा ते करू देत नाही. ‘आरएम’ किंवा ‘एमव्ही’ला ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘बिझी’ असं उत्तर आलं, की लगेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन बळ वापरू नका. फाइल एक्सेलमध्ये उघडी असेल, मागं सिंक चालू असेल किंवा अँटिव्हायरस तिला तपासत असेल. रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू पानावर ‘हँडल्स’च्या चौकटीत फाइलीचं नाव शोधा. कुणी धरलीय ते कळतं.

सिगविनमध्ये ‘फोर्क’ शब्द असलेला संदेश आला तर त्याचं कारण खोलवर आहे. युनिक्समध्ये प्रोग्राम स्वतःची हुबेहूब प्रत काढतो. विंडोजमध्ये अशी सोय सरळ मिळत नाही, म्हणून सिगविन नवा प्रोग्राम उभा करून जुन्याची स्मृती त्यात ओततं. त्यासाठी प्रत्येक डीएलएल दोन्हीकडं एकाच पत्त्यावर बसावी लागते. दुसरं कुणी ती जागा अडवली की ओतकाम फसतं. सिगविनच्या सगळ्या खिडक्या आणि सेवा बंद करा आणि सिगविनचा सेटअप पुन्हा चालवा. तो पत्त्यांची मांडणी नीट करून देतो. मग ‘सिगचेक -एस’ चालवून पाहा. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरनं सिगविनच्या डीएलएलची जुनी प्रत सोबत आणली असेल तर तीही तिथं दिसेल. एका मशीनवर त्या दोघी सुखानं नांदत नाहीत.

डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या पिढीत सगळं बरोबर चालतंय पण गोगलगायीसारखं, अशी तक्रार असेल तर प्रकल्प कुठं ठेवलाय ते पाहा. ‘/एमएनटी/सी’खाली असेल तर प्रत्येक फाइलीसाठी वेस ओलांडावी लागते आणि हजारो छोट्या फाइलींच्या कामात ते जाणवतं. प्रकल्प लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. ‘/एमएनटी/सी’खाली ‘सीएचमॉड’चा सहसा परिणाम होत नाही, याचंही कारण ही वेसच. नेहमीच्या मांडणीत तिथं युनिक्सच्या परवानग्या साठवल्या जात नाहीत. सगळं गोठल्यासारखं वाटलं तर विंडोजच्या बाजूनं ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ द्या आणि पुन्हा उघडा. त्यात सगळी लिनक्स सत्रं बंद होतात, म्हणून आधी काम सेव्ह करा.

पाचही नाके मोकळे असतील तर

दोष खरोखर तुमच्या कमांडमध्ये असू शकतो. आता तो लहान करत न्या. ‘बॅश --नोप्रोफाइल --नोआरसी’नं कोरी खिडकी उघडा. तिथं कमांड चालली तर खोट तुमच्या सेटिंगच्या फाइलींत आहे. स्क्रिप्ट ‘बॅश -एक्स’नं चालवा, प्रत्येक ओळ प्रत्यक्षात कशी वाचली गेली ते दिसतं. लांबलचक पाइप असेल तर मधोमध तोडा, अर्ध्यापर्यंतचं उत्तर बघा आणि ज्या अर्ध्यात बिघाड आहे तो पुन्हा अर्धा करा. ‘शेलचेक’ हे मोफत अवजार विसरलेली अवतरणचिन्हं बोट ठेवून दाखवतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदल एकदम केले आणि गाडी सुरू झाली, तर कशानं झाली ते कळत नाही. पुढच्या वेळी रात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

माझ्या टेबलावर आता एक वही असते. प्रत्येक बिघाडाला एक ओळ: संदेश, आकडा, नाका, उपाय. पहिल्या पानावर त्या पोराचा प्रश्न लिहून ठेवलाय: ‘फाइल शेवटची कुठं सेव्ह केली होती?’ परवा त्याचाच फोन आला, त्याची एक स्क्रिप्ट चालत नव्हती. मी वही उघडली आणि पहिल्या पानावरचं वाचून दाखवलं. पलीकडं जरा वेळ शांतता होती, मग कीबोर्डचा आवाज आला.